तिघांच्या डावातून उठताना

मी, बिभीषण मायाप्पा वाघमोडे, वय ४३, धंदा झेरॉक्स व स्टेशनरी, राहणार होटगी रोड, सोलापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवतो. लिहून ठेवतो म्हणजे सांगतो. लिहितात ॲडव्होकेट संस्कृती, कारण माझ्या बोटांत पेन राहत नाही. या आजारात अंगातला एकेक स्नायू काम सोडतो, बुद्धी मात्र शाबूत राहते, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा मी शुद्धीत होतो की नव्हतो, यावरून कोणी कोर्टात जाऊ नये. शुद्धीत आहे, हीच माझी तक्रार आहे.

१. होटगी रोडवरचे दुकान व त्यावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. दुकान पत्नी ऋतुजा हिला आणि वरच्या खोल्या धाकटा भाऊ सिद्धराम याला देत आहे. अडचण अशी की जिना दुकानातून वर जातो आणि विजेचा मीटर वर आहे. तिने शटर ओढले की तो अडकला, त्याने मेन स्विच पाडला की तिची मशीन बंद. जागा घेतली तेव्हा यात काही वावगे वाटले नाही, कारण मध्ये मी होतो. दुकान सिद्धरामलाही हवे आहे आणि त्याचे चूक नाही. मी अंथरुणाला खिळल्यापासून शटर तोच उघडतो. पण ऋतुजाचे पोट त्यावर आहे. कोणालाही दिले तरी दुसऱ्यावर अन्यायच होणार होता.

२. बँकेत जे काही असेल ते आई तानाबाई हिला. तिने वर जेवावे की खाली, हे तिचे तिने ठरवावे. आमच्या रविवारच्या पत्त्यांबद्दल तिचे मत अजून बदललेले नाही: “पैसं लावत न्हाईत तर पत्तं कशाला खेळत्यात?”

३. हे पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. राक्षस, मांत्रिक, मंतरलेली हत्यारे अशी चित्रांची कार्डे असतात. प्रत्येकाने आपला डेक, म्हणजे कार्डांचा संच, जमवून आणायचा आणि शेवटी जो उरेल तो जिंकला. दर रविवारी शटर अर्धे ओढून मी, ऋतुजा, सिद्धराम आणि मित्र ईश्वरप्पा असे चौघे खेळायचो. माझा हिरवा डेक सिद्धरामला द्यावा. टेबलावर काही जमलेच नाही असा चेहरा करून बसायचे आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, ही त्याची चाल त्यात चांगली बसते. “माझ्याकडं काय हाय? वैनींचं बघा की,” असे म्हणत तो निम्मे डाव मारायचा. काळा डेक ऋतुजाला. ती जो सर्वांत मोठा झाला असेल त्यालाच मारते, मग तो नवरा का असेना.

४. पुण्याच्या स्पर्धेत चौघांच्या टेबलावर “दोन टर्न तुम्हाला हात लावत नाही” असा शब्द देऊन पुढच्याच टर्नला माझ्यावर सगळे राक्षस सोडणारा सयाजी, याला माझ्याकडून काहीही नाही. बेसावध राहिलो ती माझी चूक, पण शब्द त्याचा होता.

५. सगळे टेबल एका फटक्यात साफ करणारे एक कार्ड माझ्याकडे आहे. ते मी हातात धरून बसायचो, टाकायचो क्वचितच. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते असेल या भीतीने कोणी कोणाला फार दाबत नसे. हे कार्ड दोघांपैकी कोणालाही देऊ नये. माझ्याबरोबर चितेवर ठेवावे.

६. ईश्वरप्पा, आमचा चौथा, होटगी जंक्शनला रेल्वेत होता. त्याची कर्नाटकातल्या वाडी जंक्शनला बदली झाली आणि आम्ही तिघे उरलो. तिघांच्या डावात एक गंमत असते: एक जण वरचढ झाला की दोघे मिळून त्याला खाली ओढतात, त्यामुळे तोल राहतो. तिसरा बाद झाला की उरलेल्या दोघांना एकमेकांशी लढण्यावाचून गत्यंतर नसते. मी ईश्वरप्पाला म्हणालो, माझ्या जागी बस. “येतो की, पण दर रविवारी कसं जमंल बिभीषण?” असे तो म्हणाला. तो या कागदावर साक्षीदार असल्याने त्यालाही काही नाही.

७. हात गेल्यावर माझी कार्डे ऋतुजा धरायची. मी डोळ्यांनी खुणावायचो, ती टाकायची. तिला माझी कार्डे दिसणारच. एका रविवारी हरल्यावर सिद्धराम म्हणाला, “वैनी दोन हातांनी खेळत्यात. डावातबी आन् दुकानातबी.” ती उठून आत गेली. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. तो चिल्लर काउंटरवर ठेवतो, ती तो गेल्यावर उचलते. मी मध्ये पडून आहे.

८. कच्च्या मसुद्यात इथे एक अट होती. दर महिन्याला ऋतुजा आणि सिद्धराम यांनी समोरासमोर बसून एक डाव खेळावा. न खेळल्यास दोघांचाही वाटा आईला जावा. वकीलबाई म्हणाल्या, ही अट टिकणार नाही, उलट भांडायला निमित्त होईल. मी हट्टाने दोघांना वाचून दाखवायला लावली. ऋतुजा म्हणाली, “अहो, तुमी हितं असताना बोलंना झालाय, उद्या कागदाला भिऊन बोलंल व्हय?” सिद्धराम दारात उभा होता. तो म्हणाला, “दादा, जो बाद झाला त्याची सगळी कार्डं टेबलावरनं उचलायची. तूच शिकवलंस न्हवं?” हे बोलताना तो रडत होता.

नियम बरोबर आहे. बाद झालेल्याने दुसऱ्याच्या राक्षसाला साखळी घातली असेल, तर ती साखळीही त्याच्याबरोबर जाते आणि राक्षस मोकळा होतो. सबब ही अट मी रद्द करत आहे. विनंती म्हणूनही ठेवत नाही. मी गेल्यावर माझ्या या दोन माणसांना एकमेकांपासून सांभाळायला माझ्याकडे काहीही नाही.

मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य. सहीऐवजी डाव्या हाताचा अंगठा.

लिहून ठेवणार: बिभीषण मायाप्पा वाघमोडे

साक्षीदार:
१. ईश्वरप्पा सिद्धप्पा बिराजदार, रेल्वे नोकर
२. डॉ. दानेश्वरी कोरे, उपचार करणाऱ्या डॉक्टर

स्थळ: सोलापूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार