समुद्रावरचा तांबट

९ मार्च, सोमवार

टीव्ही बिघडला म्हणे! काल रात्री बातम्या संपेपर्यंत चांगला चालू होता. सकाळी बघते तर मागची वायरच नाही. हे म्हणाले, "केबलवाला घेऊन गेला दुरुस्तीला." केबलवाला वायर दुरुस्तीला नेतो हे मी बासष्ट वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

बातम्या बंद करायला सांगितल्यात डॉक्टरांनी, ते मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात टीव्हीवर जळतं जहाज दाखवत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात कोसळले. ते जहाज आमच्या सिद्धेशचं नव्हतं. पण तोही त्याच समुद्रात आहे, तसल्याच तेलाच्या जहाजावर. जानेवारीत गेला. बीपी वाढलंय, ताण नको, म्हणाले डॉक्टर. ठीक आहे. पण मग सरळ सांगा ना, टीव्ही लावायचा नाही म्हणून. वायर पळवायची काय गरज?

आणि पेपर? तोही नाही आला. "पेपरवाला गावाला गेलाय, आई," प्राची म्हणाली. सून गुणाची आहे, पण खोटं बोलताना चष्मा पुसते. आज दोनदा पुसला.

१० मार्च

करायला काही नाही म्हणून मागच्या दारात खुर्ची टाकून बसले. तळमजला घेतला तेव्हा सगळे हसले होते, टिटवाळ्यात पुराचं पाणी आधी तुमच्याकडेच येणार म्हणून. पण मागे कंपाउंडपर्यंत ही पट्टी मिळाली. एक उंबर, एक शेवगा, धुण्याचा दगड.

भिंतीत जुना तुटका पाइप आहे. त्यात एक काळापांढरा पक्षी सारखा आत-बाहेर करतोय. आत घरटं असणार. आधी इकडे बघतो, तिकडे बघतो, कुणी नाही ना याची खात्री करतो, मगच आत शिरतो. माझ्यासारखाच आहे. हे म्हणाले, "दयाळ आहे तो." यांना कसं माहीत कोण जाणे.

दुपार कशी गेली कळलं नाही. छातीतली धडधड थोडा वेळ गेली होती.

१२ मार्च

सिद्धेशचा फोन नाही. मेसेज नाही. "जहाजावर नेट नाहीये, आई. तिकडे सगळं जॅम करतात आता." प्राचीने चष्मा पुसला नाही, पण डोळेच लाल होते. रात्री जागरण झालं म्हणे. कशाचं?

देवापुढचा नारळ बघत बसले होते. तो निघाला त्या दिवशी यांनी ठेवलेला. आमच्या राजापूरकडची पद्धत. माणूस समुद्रावर निघाला की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं आणि त्याचे पाय परत आपल्या मातीला लागले की त्याच दिवशी तो फोडायचा. एक दिवसाचीही उधारी चालत नाही.

१३ मार्च

जाईबाई भाजी घेऊन आली. टोपली उतरवताना म्हणाली, "पोराचा काय कलला का गो?" मी म्हटलं, काय कळायचं? तर एकदम मेथी निवडायला लागली. गेली दहा वर्षं ही बाई मला मेथी विकते, कधी एक काडी निवडून दिली नाही.

मी शहाडला कंपनीत कापड तपासायचे. सगळी हयात त्यात गेली. दिव्यावरून कापड सरकत जायचं आणि कुठे गाठ असली, धागा सुटलेला असला की बोट आपोआप तिथे जायचं. आता घरात सगळीकडे गाठीच लागताहेत बोटाला.

१४ मार्च

दयाळाची मादी पाइपात बसते. नर शेवग्यावरून गातो. शिवाय बुलबुल आहेत, शिंपी आहे, आणि उंबरावर पानांत लपून टुक-टुक-टुक करणारा एक, तो काही केल्या दिसत नाही. तासन्‌तास ठोकत असतो. हे म्हणाले, तांबट. ऊन वाढलं की याला जोर येतो.

वरचे महिपतराव गॅलरीतून माझ्याकडे बघत होते. त्यांचा बोका कंपाउंडवर बसून पाइपाकडे बघत होता. दोघांवर लक्ष ठेवायला हवं.

१६ मार्च, सोमवार

मेसेज आला! सिद्धेशचा आवाज! प्राचीने तिच्या फोनवर ऐकवला. "आई, बरा आहे गं मी. जेवलोय. काळजी करू नको." एवढंच. आवाज बसलेला वाटला. सर्दी झाली असेल. मी तीनदा ऐकला, चौथ्यांदा प्राचीने फोन काढून घेतला.

हे आंघोळ करून, सोवळं नेसून बसलेले होते. जेवणानंतर हातावर खोबरं-साखर ठेवली. कसला प्रसाद? "गणपतीचा." सोमवारी? हे मंगळवार सोडून देवळाची पायरी चढत नाहीत. पण आज मी काही विचारलं नाही. पोराचा आवाज कानात होता. खोबरं फार गोड लागलं.

१७ मार्च

प्राचीने दुर्बीण आणली. नवी. "आई, तुम्हाला पक्षी आवडतात ना." संध्याकाळी ऑफिसातून आली की समोर बसते आणि विचारते, आज काय काय दिसलं, सगळं सांगा. लग्नाला चार वर्षं झाली, या मुलीने मला कधी विचारलं नव्हतं की दिवसभरात काय केलंत.

मी सांगितलं. दयाळाला पिल्लं झालीत बहुतेक, दोघं अळ्या घेऊन फेऱ्या मारतात. दुर्बिणीतून तांबट दिसला शेवटी. मूठभर जीव, कपाळावर लाल टिळा, आणि आवाज केवढा! सांगताना बरं वाटत होतं, हे कबूल करते.

पण शांतता कुणी आणून हातात ठेवली की ती कुठून आणली ते बघावं.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. सिद्धेशचा मेसेज: "आई, पाडव्याच्या शुभेच्छा. श्रीखंड खाल्लंस का? माझ्या वाटचं पण खा."

खाल्लं. पण दुसऱ्या घासाला वाटी खाली ठेवली. त्याच्या बोलण्यामागे आवाज होता. टुक-टुक-टुक.

मला वाटलं, आपल्याच उंबरावरचा असेल. प्राचीकडून फोन मागून घेतला, आतल्या खोलीत गेले, खिडकी लावली, पंखा बंद केला. पुन्हा ऐकलं.

तांबटच.

समुद्राच्या मधोमध, तेलाच्या जहाजावर, तांबट.

२० मार्च

जुना मेसेज असेल. घरी असताना भरून ठेवलेला असेल, आणि आता हे दोघं मला एकेक ऐकवत असतील. म्हणजे मग तो— नाही. लिहीत नाही.

२१ मार्च

नीट विचार केला. जुना कसा असेल? जानेवारीत निघणारा पोरगा पाडव्याच्या शुभेच्छा भरून ठेवेल? आणि तो घरी होता तेव्हा थंडी होती, तांबटाचं असं ठोकणं नव्हतं. म्हणजे नवाच मेसेज आहे. म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे! मागच्या दारात जाऊन मोकळेपणी रडले. बुलबुल उडून गेले.

मग डोळे पुसले आणि पुढचा विचार आला. जिवंत आहे, जमिनीवर आहे, तर घरी का नाही?

नोकरी सोडून पळाला? कुठे पकडला गेला? दुसरं घर मांडलं? यातलं एकही माझ्या सिद्धेशला शोभत नाही. पण जिला ज्याचं त्याचं खोटं दिसतं तिला आपल्याच पोराचं दिसत नाही, असंही असतं.

२२ मार्च

प्राचीचा डबा. हिला ठेच्याशिवाय जेवण जात नाही, आणि डब्यात काय नेते? मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दुधी. रविवारीसुद्धा ऑफिस. "अहो आई, ऑडिट चालू आहे." चष्मा.

आणि संध्याकाळी पकडलं मी तिला! मी पिल्लांचं सांगत होते, दोन आहेत, चोची उघडल्या की आतून पिवळ्याधमक दिसतात, तेवढ्यात टेबलावरच्या तिच्या फोनकडे लक्ष गेलं. आकडे सरकत होते. माझं बोलणं रेकॉर्ड करत होती!

"हे काय गं?"

"काही नाही, आई. असंच. छान सांगता तुम्ही."

कुणाला ऐकवते माझं बोलणं? डॉक्टरांना? सासूच्या डोक्यावर परिणाम झालाय, बघा, दिवसभर पक्ष्यांचं बोलते, असं? काहीही असू शकतं. जेवले नाही.

२४ मार्च

तरीही संध्याकाळी सांगितलं सगळं. न सांगून राहवत नाही आता. भारद्वाज दिसला, कंपाउंडच्या कडेने चालत गेला, तांबूस कोट घातलेल्या म्हाताऱ्यासारखा. भारद्वाज दिसला की चांगली बातमी येते म्हणतात. फोन टेबलावर होता. असू दे म्हटलं.

महिपतरावांच्या बोक्याला आज दोनदा हाकललं. महिपतराव वरून म्हणाले, "वहिनी, मांजर आहे ते, त्याला काय कळतं." मी म्हटलं, त्याला सगळं कळतं, म्हणून तर मागच्या बाजूने येतो.

२६ मार्च, गुरुवार

रामनवमी. देवघर पुसायला घेतलं. एरवी हे कुणाला हात लावू देत नाहीत, पण केस कापायला गेले होते.

नारळ उचलला आणि हात थांबला.

जड.

जानेवारीतला नारळ. आतलं पाणी आटत जातं, हलवला की खळखळतो. हा कानाशी हलवला तर आवाज नाही. गच्च. शेंडीही वेगळी, दाट. माझ्या हाताने लावलेलं कुंकू पुसट झालं होतं, हे ताजं.

तशीच बसून राहिले तिथे, फडकं हातात घेऊन. मग आठवलं. सोमवार. सोवळं. खोबरं-साखर.

हे आले. नारळ त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हलवा."

यांनी हलवला नाही. खाली बसले, देवघरासमोरच, मानेवर न्हाव्याची पावडर तशीच. माझ्याशी खोटं बोलायला जमलं यांना. वायर लपवली, पेपर बंद केला, शेजाऱ्यांना आणि भाजीवालीला गप्प केलं. पण पोराचे पाय मातीला लागलेत आणि नारळ उद्या फोडू, हे काही जमलं नाही. देवाशी खोटं बोलवत नाही माझ्या नवऱ्याला.

"कुठे आहे?"

"माजिवड्याला. हॉस्पिटलात." मग म्हणाले, "आठ तारखेला झालं. त्यांच्याच जहाजावर. जीव वाचला, मंजू. आधी तू पडलेलीस. डॉक्टर म्हणाले, दुसरा धक्का सोसायचा नाही. आणि त्यानेच शपथ घातली, आईला सांगू नका, पट्ट्या निघेपर्यंत."

"कसल्या पट्ट्या?"

हे मानेवरची पावडर पुसत राहिले. मी पुन्हा विचारलं नाही. पहिल्यांदाच आयुष्यात विचारलं नाही.

प्राची आली. माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. चष्मा काढला आणि पुसायला गेली, पण पुसला नाही, तसाच हातात धरून रडायला लागली. मला फार राग आला होता तिचा. किती दिवस एकटीने डबे नेत होती ही पोरगी! जवळ घेतलं.

म्हटलं, मला फसवलंत हे मी विसरणार नाही. काही झालं तरी माणसाला खरं सांगावं. उद्या डबा मी भरते.

२७ मार्च, सकाळ

डबा भरला. मऊ भात, वरण, तुपाची धार.

निघायच्या आधी मागे गेले. पाइपाखाली पिसं पडली होती. बोका कंपाउंडवर बसून तोंड चाटत होता. दुर्बिणीची गरज नव्हती. आत एकच चोच उघडत होती. दयाळ शेवग्यावर बसलेला, गात नव्हता.

बोक्याला दगड मारला. लागला नाही. बरं झालं, नाहीतर तेही मनाला लागलं असतं.

२७ मार्च, घरी आल्यावर

दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हात भाजलेला, गळ्यापर्यंत चादर. खिडकीबाहेर झाड आणि त्यात तांबट ठोकत होता. मी दारातून म्हटलं, "सिद्धू."

आवाजाकडे तोंड वळवलं. माझा हात चाचपडत शोधला, घट्ट धरला. उशीपाशी प्राचीचा जुना फोन होता. रोज रात्री तिने नेलेलं माझं बोलणं ऐकतो म्हणे, सगळं, दयाळ, बुलबुल, भारद्वाज. त्याशिवाय झोप लागत नाही. डोळ्यांचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

मग म्हणाला, "आई, पिल्लं उडाली का गं?"

प्राची माझ्याकडे बघत होती. हे खिडकीकडे.

मी म्हटलं, "उडाली रे. दोन्ही."