लाल बियरचा एक चमचा

बाबा, परवा मी बियर प्यायले. अंधेरीला, भाचीच्या पहिल्या पगाराची पार्टी होती. त्या हॉटेलात बियर तिथेच बनवतात, काचेपलीकडे टाक्या दिसतात. ग्लासात तांबूस लाल बियर आली, वर जाड फेस. मी आधी वास घेतला, मग घोट तोंडात धरून ठेवला. करपायच्या बेताला आलेल्या साखरेचा गोडवा, मागून पावाच्या भाजक्या कडेची चव, शेवटी जिभेच्या मुळाशी बारीक कडूपणा. बियर बनवणारी मुलगी टेबलाशी आली. पंचविशीची असेल, पायात गमबूट. "कशी वाटली, आंटी?" मी म्हटलं, "छान आहे. पण भाजका जव जरा जास्त पडलाय ना?" ती बघतच राहिली. "तुम्ही या लाइनमध्ये होतात?" "नाही," मी म्हटलं, आणि अशी चिडले की ग्लास ठेवताना सांडला. तिच्यावर नाही. तुमच्यावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

मला चमच्याने पाजणारे तुम्हीच ना? बियरच्या कारखान्यात लॅब असिस्टंट होतात. घरी कधी थेंब घेतला नाहीत, पण कागदाच्या पुड्यांतून भाजलेला जव आणायचात. मी डोळे मिटून दाणे चावायची आणि कुठला जास्त भाजलाय ते सांगायची. एकदा तुमच्या सायबाने हौसेने थोडी लाल बियर करून पाहिली. वरच्यांनी 'ही कोण पिणार' म्हणून ओतून टाकायला सांगितली. त्यातली तुम्ही औषधाच्या बाटलीतून घाटकोपरच्या खोलीवर आणता. आई मोरीतून ओरडते, "चेडवाक काय पाजतास?" तुम्ही हसत चमचा पुढे करता. मी चव सांगते. तुम्ही म्हणता, "गो, तुझं नाक माझ्यापेक्षा तेज आहे." त्या एका वाक्यावर मी बी.एस्सी. केलं, बाबा.

आणि चौऱ्याऐंशी साली त्याच लॅबमध्ये जागा निघाली तेव्हा तुम्हाला न सांगता अर्ज केला. सायबाने दोन ग्लास पुढे ठेवले. त्यातला एक आंबायला लागलेला होता, मी वासावरून ओळखला. तिथल्या तिथे म्हणाले, एक तारखेपासून ये. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावरून आलात, शर्ट काढून खुंटीला लावलात आणि पाठमोरे म्हणालात, "सायबाला सांगितलंय, ती येणार नाही."

"का?"

"उद्या बघायला येणारे विचारतील, मुलगी काय करते. काय सांगू? बियर चाखते?"

"तुम्ही पण तेच करता ना?"

"माझं लग्न व्हायचं राहिलंय काय?"

आईला हसू आलं. तुम्हालाही. मला अजून ते हसू दिसतं. जेवायला बसलात, भात मागून घेतलात, जसं काही घडलंच नाही. माझं नाक तेज होतं ते कुणाच्या कामाला, बाबा? मुलुंडच्या औषध कंपनीत मी तीस वर्षं बाटल्यांवरची लेबलं तपासली. त्याला नाक लागत नाही. आणि ज्या लग्नासाठी हे सगळं केलंत ते बघायला तुम्ही थांबला नाहीत. अठ्ठ्याऐंशीत गेलात. लग्न माझं मीच जमवलं, आणि नवऱ्याने मी कुठे नोकरी करते हे पहिल्या भेटीत विचारलंसुद्धा नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण लिहायला बसले आहे तर एक लिहायलाच हवं. आजवर सगळ्यांना सांगत आले की बाबांनी अडवलं. तुमच्या दहाव्याला तुमचे सायब आले होते. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "लॅबमध्ये परत जागा निघालीय बघ. येतेस?" मी म्हटलं, "कळवते."

नाही कळवलं. तेव्हा अडवायला कोणी नव्हतं.