रांगेतली माझी जागा

९ नोव्हेंबर, रविवार

शुभानं आज माझ्या जागेवर आपला बर्फाचा खोका ठेवला. मी अजून मेले नाही!

गुडघा सुजून नारळाएवढा झालाय. डॉक्टर म्हणतो, "आजी, खाली बसणं बंद." मासळी काय झाडाला टांगून विकू? ऐन रविवारी मी इथे वेसाव्यात, घरात — आणि तिकडे अंधेरीच्या बाजारात माझी जागा रिकामी. शुभा माझ्या शेजारी बसते. फोन केला तर म्हणते, "सावली आहे म्हणून ठेवलाय गं, उचलते." ओळखते मी तिला. आज खोका, उद्या पाटी, परवा तिची लेक.

आमच्या मासळीवाल्यांच्या रांगेत जागा सासूकडनं सुनेला जाते. नाहीतर लेकीला. लेक मला नाही. सून आहे, कल्पिता — ती कपड्यांच्या शोरूममध्ये दिवसभर उभी असते. इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात नावाचा पट्टा. तिच्याकडनं कसली आशा! आणि घरातली बाई बसली नाही तर रांग ती जागा दुसरीला देऊन टाकते. माझ्या सासूनं मला दिलेली जागा. ती मी शुभाच्या खोक्याला देऊ?

१० नोव्हेंबर, सोमवार

वाट लागली. नातवानं नोकरी सोडली!

कृणाल मालाडला काचेच्या इमारतीत बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचा. गार हवा. गोल फिरणारी खुर्ची. आज येऊन सांगतो, "आजी, राजीनामा दिला. समाधान नव्हतं."

"ते पगारातच देतात का वेगळं मागायचं असतं?"

"हसू नको ना. दिवसभर शिव्या खायच्या, त्यापण खोट्या नावानं. तिथे मी केविन आहे!"

"बाजारात गिऱ्हाईक आरती ओवाळतं वाटतं?"

"शिव्याच देतं. पण तुला, अंजनाबाईला देतं. आणि दुसऱ्या दिवशी अंजनाबाईकडेच येतं."

मी गुडघा शेकायला घेतला. तर हा पुढे विचारतो, "तुला आवडायचं ना गं बसायला?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आवडायचं काय त्यात? पोट होतं, बसले. पण पाटी मांडली, वर पाणी मारलं, पापलेटं चमकली — की मग समोर कोणीही येऊ दे, मी कोणाच्या बापाला भीत नव्हते. हे त्याला नाही सांगितलं.

मग म्हणतो, "तुझ्या जागेवर मी बसतो."

शेकायची पिशवी फेकून मारली. चुकली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रांगेत बाप्या बसणार नाही. नियम माझाच आहे!

शुभा बाळंतीण होती तेव्हा तिचा नवरा म्हणाला, तू येईपर्यंत मी बसतो. ती परत आली तर ह्या शहाण्यानं जागा आपल्या भावाला देऊन टाकलेली! सगळ्या बायांनी मिळून त्या भावाला उठवला. पुढे मी होते. शुभा मांडीवर पोर घेऊन रडत होती. तेव्हाच ठरवलं — पुरुषानं बोटीवर जावं, धक्क्यावर जावं, बर्फ फोडावा. जागेवर बसायचं नाही. जागा गेली की बाईला मिठालासुद्धा नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो.

पोऱ्याला सगळं सांगितलं. म्हणतो, "आजी, मी तसा नाही."

शुभाचा नवरा पण तसा नव्हता. बसेपर्यंत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पोऱ्याशी बोलणं बंद. चहा मात्र तोच आणून देतो. पाणचट.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलाच! पहाटे माझी पाटी उचलून धक्क्यावर गेला, माल घेतला, आणि जाऊन बसला माझ्या जागेवर.

शुभाचा फोन. "अंजनाबाय, तुझा नातू बसलाय इथे. तू उठवतेस का आम्ही उठवू?"

गुडघ्याला फडकं बांधलं, रिक्षा केली. नारळवाल्याच्या आडून आधी बघितलं. खोटं कशाला लिहू — हात चांगला होता. सुरमईचे तुकडे सारखे. बोंबलाचं पोट एका फटक्यात साफ. मोबाइलवर बघून शिकला असणार, हल्ली सगळं तिथेच शिकतात. सोसायटीतली एक बाई विचारत होती, "अंजनाबाई कुठे?" तर म्हणाला, "गुडघा दुखतोय. मी नातू. भाव तोच, बडबड कमी." बाई हसली. घेतली सुरमई.

आणि मग रांगेनं ओलं गोणपाट काढलं. एकेकीनं आपापल्या पाटीवर टाकलं. पूर्ण रांग बंद! गिऱ्हाईक पिशव्या धरून उभं. कोणी ओरडलं नाही, शिवी नाही. नारळवाल्याआड मला केव्हाच हेरलेलं, सगळ्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. हे गोणपाट टाकायचं मीच शिकवलेलं — शुभाच्या दिरासाठी.

गेले. स्वतःच्या हातानं पोऱ्याच्या पाटीवर गोणपाट टाकलं. म्हटलं, "ऊठ."

उठला. सगळ्यांसमोर. कान लाल झाले होते त्याचे, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे.

रिक्षात दोघं होतो. पाटी आमच्या मधे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुलगा माझा, कृणालचा बाप परेश, सकाळपासून घर डोक्यावर घेऊन. "इंग्लिश मिडियमला घातला तो बोंबील कापायला?"

मी म्हटलं, "बोंबील कापूनच तुला मोठा केलाय. नाक कशाला मुरडतोस?"

"मग उठवलास कशाला त्याला?"

घ्या! दोन्ही बाजूंनी मीच.

कृणाल भिंतीकडे तोंड करून पडलेला. जुन्या कंपनीतनं फोन आला, परत बोलवायलाच असणार. घेतला नाही. कल्पितानं शोरूमला जायची घाई असताना कालची पाटी घासली, मोरीत नाही — बाहेर नळावर, मिठानं. उन्हात पालथी घातली. मग गेली.

दुपारी रांगेचा निरोप. सोमवारी संध्याकाळी घरी येतायत. "बसणारी बाई दाखव, नाहीतर जागा सोड."

बरोबर आहे त्यांचं. मी असते तर हेच म्हटलं असतं. ह्याहून वाईट.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुद्दाम पोऱ्यापुढे बांगडे टाकले. कर साफ. केले. पाठीकडनं चीर, कल्ले उलट्या बोटानं ओढायचे — आमच्याकडे असं कोणी करत नाही. ही गोराईची पद्धत.

"कुठल्या मोबाइलवर शिकलास रे हे?"

हा स्वयंपाकघराकडे बघतो. "आईनं शिकवलं. तिच्या सुट्टीच्या दिवशी. तू बाजारात असायचीस तेव्हा."

कल्पिताची आई गोराईहून येऊन बोरिवलीच्या बाजारात बसायची. ही लहानपणी तिच्या बाजूला असायची. मला माहीत होतं की! लग्नात परेश म्हणाला, माझी बायको बाजारात बसणार नाही, इज्जतीची नोकरी करेल. मी मान डोलावली. विषय तिथेच संपला.

शोरूममध्ये म्हणे बसायला स्टूलसुद्धा देत नाहीत. रात्री तीपण पाय शेकते. एकच पिशवी आहे घरात, आधी मला देते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कल्पिता आज शोरूमला गेली नाही. नावाचा पट्टा काढून माझ्यापुढे ठेवला.

"आई, जागा रीतीनं सुनेची ना? मग आठवडाभर सगळे भांडताय, मला एकदा तरी विचारलंत? मला बसायचंय. कृणाल माल आणेल, घरोघरी पोचवेल. जागेवर मी. पटत नसेल तर त्यानं परत केविन व्हावं."

पोऱ्याचं तोंड बघण्यासारखं! परेशचं त्याहून.

संध्याकाळी रांग येतेय. परेशनं खाली जाऊन उभं राहायचं. कृणालनं चहा करायचा, दाट. मी गुडघा शेकत गप बसणार. शुभा जे विचारेल त्याचं उत्तर कल्पितानं द्यायचं. दुसऱ्या कोणी तोंड उघडलं तर गाठ माझ्याशी आहे.