ये ना कधीतरी घरी

६ ऑक्टोबर २००७, शनिवार. बॉन.

आलो एकदाचे! सत्यजितने घेतलेलं घर फोटोत दिसत होतं त्याहून छान आहे, पण हे त्याला सांगणार नाही, आधीच कॉलर ताठ करून फिरतोय. ऱ्हाइनच्या या बाजूला, बॉयेलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीतून ट्राम दिसते. स्वयंपाकघर म्हणजे मात्र नुसत्या चार भिंती. इथे ओटा, कपाटं, शेगडी, सगळं भाडेकरूने आपापलं आणायचं असतं म्हणे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांना वाटलं आम्हाला कोणी फसवलं.

स्वानंदीची टकळी पुण्यापासून सुरू आहे ती थांबायचं नाव नाही. पाच वर्षांची आहे, पण प्रश्न पन्नाशीचे. विमानातून उतरताना तिथल्या बाईला म्हणाली, जाते हं. मी लगेच सांगितलं, जाते म्हणू नये बाळा, येते म्हणावं. जाते म्हणणारी माणसं परत येत नाहीत. तर म्हणते, पण आपण या विमानात परत कुठे येणार आहोत? कप्पाळ माझं!

खालच्या मजल्यावर फ्राउ केसलर राहतात, सत्तरीच्या, एकट्या. जिन्यात भेटल्या. पुण्याला क्लासमध्ये शिकलेलं सगळं जर्मन पणाला लावून मी गोड हसले आणि सवयीने म्हटलं, या ना कधीतरी जेवायला. बाईंनी तिथल्या तिथे पर्समधून छोटं कॅलेंडर काढलं आणि पेन उघडून विचारलं, कधी?

सत्यजित हसून हसून लोळला. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाला, इथे असंच. बोलावलं म्हणजे बोलावलं. 'कधीतरी' नावाचा वार यांच्याकडे नाही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

फ्राउ केसलर घड्याळ लावून आल्या. वरणभात तीनदा घेतला, लिंबाच्या लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी सोडलं नाही. निघताना दारात मी म्हटलं, या हं पुन्हा. बाईंनी परत कॅलेंडर काढलं! आता जीभ आवरायला हवी. पण आवरायची कशी? आपल्यात दारातल्या माणसाला 'जा' कोण म्हणतं?

दुसरी बातमी: मला काम मिळालं. मुंबईत इतकी वर्षं मालिकांचे आवाज कापले-जोडले ते वाया नाही गेलं. नदीकाठच्या एका जुन्या बंगल्यात छोटा स्टुडिओ आहे, हेर ब्रांट चालवतात. टीव्हीसाठी माहितीपट करतात. स्वानंदीला जवळच्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, जागा मिळाली. तिथे ती अजून अवाक्षर बोलत नाही. घरी येऊन सगळा साठा माझ्यावर रिकामा करते. वेळ द्या, म्हणतात बाई. देऊ.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

कामाचा विषय: डार्सी व्हिटलॉक. अमेरिकन नटी. गेल्या वर्षी नोव्हेंबरात शूटिंगसाठी इथे आली होती, बॉनच्याच गोडेसबर्ग भागात फ्लॅट घेऊन राहत होती, तिथेच झोपेत गेली. वय तेवीस. वर्ष होतंय म्हणून तिच्या आयुष्यावर कार्यक्रम.

ओहायोमधलं कुठलंसं गाव. बाप सोडून गेलेला, आई हॉटेलात वाढपी. डार्सी सहा वर्षांची असताना सुपाची जाहिरात मिळाली. टेबलाभोवती मोठं कुटुंब बसलंय, आई सगळ्यांना वाढते, आणि टोकाला बसलेली ही चिमुरडी रिकामा वाडगा पुढे करून म्हणते, "मॉम, यू फरगॉट मी." बस्स, एवढंच वाक्य. अख्खी अमेरिका वेडी झाली. मग एका मालिकेत ती घरातलं शेंडेफळ. वर्षानुवर्षं शेंडेफळच. वाढायला लागली तरी तिला सैल फ्रॉक घालून लहान ठेवलं. पुढे तीन सिनेमे, एक बक्षीस, आणि घराबाहेर कायम कॅमेरे.

माझं काम साधं आहे. जर्मन टीव्हीवर परदेशी माणूस बोलू लागला की पहिले दोन शब्द त्याच्या आवाजात येतात, मग वरून जर्मन आवाज सुरू होतो आणि मूळ आवाज पार तळाशी जातो. तो तळाशी न्यायचा. दिवसभर मी या पोरीचा आवाज साफ करते आणि मग दाबते. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोलली बिचारी. स्वतःचं काही बोलायला जाते तेव्हा मी आहेच.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज फार वाईट वाटलं. तिच्या आईने घरच्या कॅमेऱ्यावर घेतलेली एक टेप आलीय. लॉस एंजेलिसमधली हॉटेलची खोली. सहा वर्षांची डार्सी, वरचे समोरचे दोन दात पडलेले, हातात रिकामा वाडगा, त्या जाहिरातीची तालीम करतेय. मॉम, यू फरगॉट मी. कॅमेऱ्यामागून आईचा आवाज: पुन्हा. मॉम, यू फरगॉट मी. पुन्हा. पोर दमली, डोळे मिटायला लागले. शेवटी वाडगा खाली ठेवून विचारते, आता घरी जायचं? आई म्हणते, एकदा नीट म्हण, मग घरी. टेप संपली.

घरी कधी गेलीच नाहीत ती. आईने ओहायोचं घर विकून टाकलं.

चित्र थांबवलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मला राहवलं नाही. मराठीतच मोठ्यांदा म्हटलं, ये गं बाई, माझ्याकडे ये घरी, वरणभात खायला घालते तुला. हेर ब्रांट दारात उभे होते. कोणाशी बोलतेस, विचारलं. मी लाजून दिवे मालवले.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

किटातून बाईंचा फोन. स्वानंदी बोलली! आनंदाने उडीच मारली मी. पण म्हणे इंग्रजीत बोलली. सुरेख बोलते, घरी तुम्ही इंग्रजीच बोलता का? मी आपलं जर्मन 'जा, जा', म्हणजे हो, हो, म्हटलं. घरी तिला 'थँक यू'पलीकडे काही येत नाही.

संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर आपल्या शेजारी आणखी एक ताट मांडलं. कोणासाठी गं, विचारलं. ती आली ना, म्हणाली. आणि मग मलाच वेड्यात काढल्यासारखी, तूच बोलावलंस ना आई?

कुठे ऐकलं असेल हिने? कामातलं काही मी घरी आणत नाही.

९ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन.

काल किटाची सांक्ट मार्टिनची मिरवणूक होती. सगळी पोरं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत नदीकाठाने निघाली. मला आपले आकाशकंदील आठवून भरून आलं. गर्दीत स्वानंदीला हाका मारल्या. माझ्यापासून हातभर अंतरावर होती, वळली नाही. जणू ती हाक तिच्या ओळखीचीच नव्हती.

आज फराळाला फ्राउ केसलर आल्या होत्या (कॅलेंडरात लिहून ठेवलं होतं). मी चकल्या वाढत होते, आधी त्यांना, मग सत्यजितला. मागून आवाज आला, "मॉम, यू फरगॉट मी."

सत्यजित हसला. फ्राउ केसलरनी टाळ्या वाजवल्या. मी चकलीचा डबा धरून तशीच उभी.

तो आवाज मला पाठ आहे. श्वास कुठे तुटतो, 'मी' कुठे वर चढतो. आणि 'फरगॉट'मधला फ. दात नसल्यामुळे तिथे हवा सुटते, किती दिवस मी ती साफ करतेय. तीच हवा. स्वानंदीचे दात सगळे जागच्या जागी आहेत.

१४ नोव्हेंबर, बुधवार

सत्यजित न्युरेम्बर्गला गेला, महिनाअखेरीपर्यंत. जाण्याआधी भांडलो. पोरगी इंग्रजी बोलायला लागली तर तुला पोटशूळ का, म्हणाला. आल्झो, म्हणजे हे बघ, कुठे तरी ऐकलं असेल, मुलं टिपकागद असतात. कुठे ऐकलं, हे त्याने विचारलं नाही.

ती आता मला आई म्हणत नाही. मॉम. वाटीला वाटी म्हणत नाही. समोर बसवून म्हटलं, म्हण, आई. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. शिकत असल्यासारखी. मला माझ्याच लेकीची भीती वाटली. लिहायलाही लाज वाटते, पण वाटली.

१९ नोव्हेंबर, सोमवार

स्वयंपाक राहू दे, आधी हे लिहिते.

हेर ब्रांट म्हणाले, हॉटेलच्या टेपमध्ये तळाशी काहीतरी खरखर आहे, काढून टाक. मी तो आवाज वर आणला. डार्सीचे ओठ हलत होते. पण तिचा आवाज नव्हता त्यात. खाली, खूप खाली, कोणी तरी—

आई.

आई, माझं राहिलं.

माझी स्वानंदी. त्या खोलीत. तिचा जन्मही झाला नव्हता तेव्हाच्या टेपमध्ये. आई, आता घरी जायचं?

हेर ब्रांटना ऐकवलं. दुसऱ्या कुठल्या टेपचं मिसळलं असेल, म्हणाले. परकी भाषा आहे. पुसून टाक.

पुसून टाक!

नाही पुसलं. डिस्कवर उतरवून घरी आणलं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाईंना फोन केला. वाटलं होतं हसतील. नाही हसल्या. विचारलं, बोलावताना नेमके शब्द काय होते तुझे? सांगितले. मग म्हणाल्या, तू सहज म्हटलंस गं, पण जिला जन्मात कोणी घरी ये म्हटलं नाही, ती खरंच येणार. कबूल केलंस ते खायला घाल. दारापर्यंत पोचव. आणि तोंडाने स्पष्ट 'जा' म्हण. मराठीत बोलावलंस, मराठीतच पाठव. ती गेली की आपली येईल.

अहो आई, एवढंच? मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तुला जड जाईल ते.

२१ नोव्हेंबर, बुधवार

वरणभात केला. वर तूप. जेवली. बूट घातले, कोट घातला. शहाण्यासारखी दारात उभी राहिली. मी तोंड उघडलं—

"ये हं."

ये हं म्हटलं मी! जन्मभराची जीभ माझी, मेली—

ती हसली. समोरचे दोन दात नाहीत. सकाळी होते.

कोट काढून आत गेली.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

सत्यजित फोन उचलत नाही. हेर ब्रांटचा आला. कामावर का नाही आलीस? उद्या कार्यक्रम द्यायचाय, खरखर मीच साफ करतो.

डिस्क लावली. आवाज कालच्यापेक्षा बारीक झालाय. आई, इथे अंधार आहे. आई, ती बाई पुन्हा म्हण म्हणते.

दिवसभर आरशासमोर घोकतेय. जा. जा. जा. जा.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.

वही मांडीवर आहे. लिहीत राहिले की हात शांत राहतो. डिस्क लावून ठेवलीय, आवाज पूर्ण वर. म्हणजे रस्ता सापडेल तिला. ऐकू येतंय. आई. आई. थांब बाळा, ही गेली की ये तू, दार उघडंच ठेवते.

ती जेवतेय. हळूहळू. माझ्याकडे बघत.

संपलं. उठली.

दार उघडलं. आता—

जा.

म्हटलं! आलं तोंडातून! जा. पुन्हा म्हटलं, ओरडून, जा, या घरात राहू नकोस, जा, परत येऊ नकोस—

ती हलत नाही. नुसती बघतेय. हसतेय.

स्पीकरमधून—

बरं आई. रडू आवरून बोलतेय. ओरडू नकोस ना. जाते हं मी.

नाही, तुला नाही गं, तुला नाही म्हटलं, जाते नको म्हणू बाळा, ऐक, येते म्हण, स्वानंदी, येते म्ह—