सातवीचा नको म्हटलेला पाठ

प्रिय एमिलीबाई,

आज दुपारी आपला अभ्यासक्रम मंजूर झाला. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही! मीटिंग संपल्यावर सवयीने फोन काढला, तुमचं नाव शोधलं आणि तशीच उभी राहिले. बातमी सांगायची कुणाला? घरी येऊन चहासुद्धा न घेता लिहायला बसले आहे.

आठवतं, सुरुवात कशी झाली? आपल्या संस्थेचे सचिव कुठल्याशा शिबिरातून आले आणि त्यांनी फर्मान काढलं, "आपल्या शाळेत लिबरल एज्युकेशन आणायचं." सगळा स्टाफ एकमेकांची तोंडं बघत बसला. तुम्ही मात्र खुशाल सांगून टाकलंत, "मी करते. सोबत सुषमा." मला विचारलंत तरी का? बाहेर आल्यावर म्हणालात, "अगं, नाव मोठं आहे, काम साधं. मुलांना विचार करू द्यायचा आणि आपण मध्ये मध्ये बोलायचं नाही." मध्ये न बोलणं, आणि तुम्हाला जमणार!

मग आपले ते शनिवार. शाळा सुटली की आगाशीची बस पकडायची आणि तुमच्या ओट्यावर कागद पसरायचे. मध्ये सुकेळ्यांची बशी. सगळे कागद चिकट व्हायचे. सहावीचा पहिला पाठ त्या सुकेळ्यांवरूनच सुचला. केळं वाळवलं की टिकतं कसं, ते कुठल्या बाजारात जातं, बागा विकून इमारती उभ्या राहाव्यात का. "तुमच्या एव्हरशाईन कॉलनीतल्या पोरांना वाटतं, केळं हातगाडीवरच उगवतं," असं तुम्ही चिडवायचात. मी म्हणायची, "आणि तुमच्या वाडीतल्या पोरांना लिफ्टमधला शेजार कुठे ठाऊक आहे?" तेही तुम्ही लगेच लिहून घेतलंत. इतिहासात सनावळ्या किती ठेवायच्या, यावरून तर एकदा आपला आवाज इतका चढला, की तुमच्या मिस्टरांनी आतून विचारलं, "शिकवताय का भांडताय?"

"एकच आहे ते!" तुम्ही ओरडलात.

एका पाठावर मात्र मी हटून बसले. सातवीत तुम्हाला 'मरण' हवं होतं. घरोघरी माणसाला निरोप कसा देतात, त्या वेळी बोलायचं काय, दुःख ठेवायचं कुठे. "लहान मुलं आहेत हो! पालक शाळेवर चालून येतील," मी म्हटलं. तुम्ही हसून तो कागद बाजूला ठेवलात. "बरं, नंतर बघू."

नंतर! स्वतःचं दुखणं ठाऊक असूनच म्हणालात ना? मला एवढं तरी सांगायचं होतंत. त्याचा मला राग आला होता, अजून आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशी आपली सातवी गणवेशात तुमच्या अंगणात उभी होती. रिद्धीने माझी ओढणी धरून विचारलं, "टीचर, हात जोडायचे की क्रूसाची खूण करायची?" इतक्या वर्षांची आपली मैत्री, नाताळचे केक, गणपतीचे मोदक, आणि हे मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. चपला बाहेर काढायच्या का, हेही ठाऊक नव्हतं. दफनभूमीत आपल्या वर्गातल्या जेसिकानेच मला हळूच सांगितलं, "मूठभर माती टाका, टीचर. सगळे टाकतात."

सोमवारी तुमच्या तासाला मी गेले. दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि धडा सुरू करायचा, असं ठरवलं होतं. पण मुलं कुठली ऐकतात! पेटी कशाला? जाळल्यावर राख कुठे जाते? कोळीवाड्यातली मानसी म्हणाली, "आमच्यात पोरांना मयताला कोन नेतच नाय. बाहेर जाऊन खेला म्हनतात." मग गोखिवऱ्याची श्रावणी, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "आजोबा गावाला गेलेत असं मला सांगितलं होतं. मी दिवाळीपर्यंत त्यांची वाट बघत होते."

जेसिका उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. मी काहीच शिकवलं नाही. घंटा झाली तरी मुलं बोलत होती.

म्हणून आज मी तो पाठ पुन्हा मांडला. सचिव म्हणाले, "हे कशाला, मॅडम? पालक काय म्हणतील?" अगदी माझंच वाक्य! मी श्रावणीचं नाव न घेता तिची गोष्ट सांगितली. पालकांचे प्रतिनिधी तर प्रवेशपरीक्षांच्या फाउंडेशन क्लाससाठी तास मागायला आले होते. तेच म्हणाले, "आमच्या घरीपण असंच सांगितलंय. मुलाला अजून खरं माहीत नाही."

पाठ अभ्यासक्रमात राहिला. वर्षभर करून बघायचा आणि आधी पालकांची सभा घ्यायची, या अटीवर. क्लाससाठी शनिवारचा एक तास मात्र सोडावा लागला. तुम्ही असतात तर तोही दिला नसतात, माहीत आहे मला!

एमिलीबाई, हा पाठ शिकवणार मी. आणि मला तर अजून साधं बोलायलाही जमत नाही. शाळेत कुणी तुमची चौकशी केली, की "बाई नाहीत सध्या" म्हणून मी निसटते. या पत्रातही बघा ना, नुसतं 'गेलात' लिहिलंय. पण जूनमध्ये सातवीच्या वर्गात उभी राहीन तेव्हा आडवळण घेणार नाही, हा शब्द देते. रडू आलं तर मुलांसमोर रडेन. पहिलं वाक्य ठरलं आहे: "मुलांनो, आपल्या एमिलीबाई वारल्या."

तुमची भांडखोर,
सुषमा