जोडीचं पान

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
खारूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं आणि कागदावरचं राहतं, हे तुझंच वाक्य. म्हणून पत्र.

नव्या दवाखान्यात लागून तीन आठवडे झाले. तीस खाटा, दोन मजले, मालक एकच डॉक्टर. ते सकाळी इथे असतात आणि दुपारी त्यांच्या दुसऱ्या दवाखान्यात. दुपारभर सगळा कारभार काउंटरवरच्या फोनवर चालतो. डॉक्टर फार चांगले आहेत गं. परवा सगळ्यांसमोर म्हणाले की ही नुसती नर्स नाही, अर्धी डॉक्टर आहे. मला मेलीला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू? कधी त्यांचा फोन लागत नाही, तेव्हा उलटीचं किंवा दुखण्याचं इंजेक्शन मी आपली देऊन टाकते आणि मागाहून सांगते. ते हसून सही करतात. म्हणतात, तुझा हात म्हणजे माझाच हात.

डोक्याला ताप एकच, आमच्या मेट्रन. उंच, शिडशिडीत, पायात रबरी तळाचे बूट, त्यामुळे मागे कधी येऊन उभ्या राहतात ते कळतच नाही. खिशात एक काळी वही. फोन वाजला की बाई चादरींच्या खोलीत शिरतात, आणि मी फोन ठेवला की वहीत काहीतरी खरडत बाहेर येतात. मी वळून पाहिलं की म्हणतात चादरी मोजत होते. दिवसातून इतक्यांदा मोजायला चादरींना काय पिल्लं होतात? माझी खात्री आहे, वहीत माझंच नाव आहे. तू इतकी वर्षं मेट्रनची खुर्ची सांभाळलीस, तूच सांग, ही बाई कोणासाठी लिहीत असेल?

आईला यातलं काही कळवू नकोस. ती मी नर्स झाले म्हणून आधीच घुश्शात आहे.

तुझा लोभ आहे तोवर मला काळजी नाही.
तुझी खारू



१२ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. अगं शहाणे, मागाहून सांगते म्हणजे काय? आपलं काम कायद्याने आखून दिलेलं आहे. लिहून दिलेलं औषध द्यायचं, रोग्यावर नजर ठेवायची, बिघडलं तर कळवायचं, आणि डोस खटकला तर हात आखडता घेऊन विचारायचं. कोणतं औषध आणि किती, हे ठरवणं आपलं नाही. उलटीचं साधं इंजेक्शन असलं तरी नाही. फोनवरची ऑर्डर फक्त जिवावर बेतलं असेल तेव्हा. तीही दोघींनी ऐकायची, घेणारीने मोठ्याने परत म्हणायची, दुसरीने लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरची सही झालीच पाहिजे. तुला शाळेत असताना लाटण्याचा फोन करून हे शिकवलं होतं, विसरलीस का?

आता त्या डॉक्टरचं. कौतुक करणाऱ्याची जीभ बघू नये, सही बघावी. तुझा हात त्याचा असेल, पण हातात बेड्या पडल्या तर त्या कोणाच्या मनगटात पडतील, हे एकदा विचार त्याला.

आणि ती वहीवाली. गोगलगाय नि पोटात पाय. दवाखान्यात वही बाळगणारी बाई दुसऱ्याच्या भल्यासाठी लिहीत नाही. माझं आयुष्य गेलंय त्यात. तिच्याशी गोड वाग, पण तिच्याकडे पाठ करू नकोस. जमलं तर वहीत काय आहे ते बघून घे.

आईला कळवणार नाही. पत्र टाकत जा आणि या म्हातारीवर माया असू दे.
तुझी मावशी



२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, घात झाला.

गेल्या मंगळवारी दुपारी खालच्या वॉर्डातले घड्याळजी आजोबा एकदम घाबरेघुबरे झाले. नाडी मोजता येईना इतकी पळत होती. डॉक्टर अर्थातच दुसऱ्या दवाखान्यात. फोन लावला. ते म्हणाले, अमुक इंजेक्शन, अख्खी अँप्यूल, शिरेतून, सावकाश. तू शिकवल्याप्रमाणे मी मोठ्याने परत म्हटलं, अख्खी, शिरेतून, सावकाश. ते हो म्हणाले. बरोबरची सिस्टर जेवायला गेली होती, म्हणून दुसरी ऐकणारी कोणी नव्हती. मी सावकाशच दिलं गं, घड्याळ लावून दिलं. तरी नाडी चाळिसाच्या खाली गेली आणि आजोबांचे डोळे फिरले. त्यांना मोठ्या इस्पितळात हलवलं. जीव वाचला, पण अजून उठून बसवत नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. आजोबांच्या मुलीला माझ्यादेखत म्हणाले की त्यांनी अर्धीच द्यायला सांगितली होती, आणि उरलेली देण्याआधी विचारायला सांगितलं होतं. मी केसपेपर उघडला. केसपेपरवर माझ्या अक्षरात 'अख्खी' आहे आणि सहीची जागा कोरी. मी मेट्रनकडे पाहिलं. त्या दुपारी बाई चादरींच्या खोलीतच होत्या. त्यांनी वही मिटली आणि निघून गेल्या.

काल नर्सिंग कौन्सिलची नोटीस आली. दोन महिन्यांनी चौकशी. नोंदणीतून नाव कापलं तर मला दुसरं काय येतं? बाविसाव्या वर्षापासून हेच केलंय.

आईला त्याच मंगळवारी रात्री सांगावंच लागलं. मला वाटलं आदळआपट करेल. तर चार दिवसांनी तिचं पार्सल आलं. तिची नोकरीतली जुनी खिशातली वही! तू आणि ती एका वॉर्डात असतानाची. सोबत एवढीच चिठ्ठी, की आम्ही कसं लिहायचो ते बघ. कंबर धरली म्हणून नोकरी सोडणाऱ्या बाईने ही वही इतकी वर्षं का जपली, देव जाणे.

मेट्रनने डॉक्टरांच्या बाजूने साक्ष दिली तर मी संपले. काय करू?
तुझ्या मायेची भुकेली,
खारू



७ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. तुझी मेट्रन फितलेली आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. डॉक्टर तिला काहीतरी कबूल करेल आणि ती मान डोलावेल. माणसं खुर्चीसाठी काय काय करतात ते मला विचार. ती वही कशीही करून हाती घे आणि तुझ्याविरुद्ध असेल ती पानं काढून टाक. जे पान नाही, ते बोलत नाही.

आईची वही मला पाठवून दे. जुनी वही घेऊन तुला काय करायचंय? उगाच डोक्यात नाही नाही ते भरेल.

जपून राहा. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
मावशी



२० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वही हाती लागली. चोरावी नाही लागली. मेट्रनने मला त्यांच्या खोलीत बोलावलं, कपाटातून काळी वही काढली, माझ्यासमोर बोट ओलं करून तिची पानं मोजली, माझ्या हातात दिली, आणि चादरी बघून येते म्हणून दार ओढून निघून गेल्या.

मावशी, चादरींच्या खोलीत काउंटरच्याच लाइनीवरचा दुसरा फोन आहे. इतके दिवस मला पत्ताही नव्हता. मंगळवारच्या पानावर लिहिलंय, तीन चाळीस, डॉक्टर म्हणाले अख्खी, शिरेतून, सावकाश, सिस्टरने तेच मोठ्याने परत म्हटले, डॉक्टर हो म्हणाले, मी ऐकले. खाली सही. मी ते पान तीनदा वाचलं आणि रडले.

मग मागची पानं उलटली. तीही माझीच होती. ऑर्डर नसताना दिलेली अकरा इंजेक्शनं, तारीख, वेळ, रोग्याची खाट, सगळं. एक पान मला वाचवतं आणि चार पानं मला बुडवतात. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी नखाने शिवणीपाशी पान धरलंही. फाडलं असतं तर टर्र आवाज आला असता, तेवढाच.

पण त्याच आठवड्यात आईची वही चाळली होती. तीही अशीच दोऱ्याने शिवलेली. तिच्यात मधलं एक पान कोणीतरी फाडलंय, शिवणीला बोटभर कोर राहिली आहे. आणि एक पान फाडलं की शिवणीच्या पलीकडचं जोडीचं पानही सुटतं. ते कोरं पान वही उघडताना माझ्या मांडीवर पडलं होतं. मी नखं मागे घेतली.

मेट्रन आल्या, पुन्हा पानं मोजली, आणि पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, वही अख्खीच्या अख्खी कौन्सिलपुढे ठेवणार, तुझं बरं आणि वाईट दोन्ही. डॉक्टरांना त्यांनी दोनदा लेखी समज दिली होती म्हणे. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, तू डॉक्टरांचं माणूस आहेस असं वाटायचं. घ्या! दोघी एकमेकींवर डोळे वटारून बसलो होतो आणि मधल्या मधे घड्याळजी आडवे झाले.

मावशी, आता एक विचारते, रागावू नकोस. आईच्या वहीत सगळी 'मी ऐकले' तुझ्या अक्षरातली आहेत. ती लांब शेपटीची सही मी कुठेही ओळखेन. फाटलेल्या पानाआधी तुझी सही, नंतर मात्र वहीत काहीच नाही. त्या पानावर काय होतं? आणि ही वही तू परत का मागितलीस?

वही मी पाठवत नाही. आईला परत दिली.
खारू



१५ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद देण्याचं तोंड नाही, तरी लिहिते.

खारूचं पत्र येऊन जवळपास महिना झाला. तिला उत्तर लिहायला बसते आणि कागद चुरगाळते. मग कळलं की हे पत्र तिला लिहायचंच नाहीये.

ते पान मी फाडलं. तुझा एप्रन आणि माझा एप्रन खोलीत एकाच खिळ्याला असायचे. तू आंघोळीला गेली होतीस. त्याच दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. पान फाड असं ते एका शब्दाने म्हणाले नाहीत. मेट्रनची खुर्ची रिकामी होते आहे, एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला बरोबर कळलं. तू चौकशीत वही उघडलीस, दोनदा पानं उलटलीस, आणि मान खाली घातलीस. मी समोरच बसले होते. मला विचारलं तेव्हा म्हणाले की मी त्या वेळी वॉर्डात नव्हते. तुझं नाव कापलं गेलं. कंबरेचं कारण मीच शोधून दिलं, आणि तू मुकाट्याने तेच सगळ्यांना सांगत राहिलीस.

आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला. हाताखालच्या एकाही मुलीवर विश्वास टाकला नाही. मला माहीत होतं ना, माणूस काय करू शकतं ते. खारूला नर्स करण्याचा हट्टही मीच धरला. वाटलं, तुझं गेलेलं तिच्या हाताने भरून देईन. आणि वेळ आली तेव्हा त्या पोरीला पानं फाडायला शिकवलं. ती माझ्यापेक्षा बरी निघाली, तुझी आहे म्हणून.

क्षमा मागत नाही. मागायला मला लाज वाटते.
तुझी आक्का



९ मे

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

आधी खारूचं. काल कौन्सिलचा निकाल लागला. अकरा इंजेक्शनांसाठी सहा महिने नोंदणी स्थगित, पण नाव राहिलं. घड्याळजींच्या बाबतीत तिचा दोष नाही असं ठरलं. डॉक्टरचं प्रकरण त्यांच्या स्वतःच्या कौन्सिलकडे गेलं आहे. घड्याळजी काठी घेऊन चालू लागले, खारू त्यांना भेटून आली. ती मेट्रन बाई तासभर उभी राहून बोलली. मी मागच्या बाकावर बसून तिच्याकडे बघत होते आणि मला सारखं वाटत होतं की अशी एखादी बाई माझ्या वेळी असती तर.

पान तू फाडलंस हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आक्का. एका खिळ्याला दोनच एप्रन होते. मला राग आला नव्हता असं म्हणणार नाही. तीन वर्षं तुझ्या हातचं पाणी घशाखाली उतरत नव्हतं. मग खारू झाली, टायफॉइडमध्ये तू एकवीस दिवस तिच्या उशाशी बसलीस, आणि विचारायचं राहून गेलं. वाटायचं, आज सांगशील, उद्या सांगशील. खारूला वही मुद्दाम पाठवली. पोरगी पानं मोजल्याशिवाय राहणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणजे संशयीपणात मीही काही कमी नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात एक गोष्ट राहिली आहे. तू पान फाडलंस हे लिहिलंस, पण पानावर काय होतं ते लिहिलं नाहीस. सात नंबरच्या खाटेवरच्या, माझ्या इंजेक्शननंतर गेलेल्या त्या बाळंतिणीच्या घरचे अजूनही मीच तिला मारलं असं समजतात. आणि खरं सांगू? इतकी वर्षं कोणीच दुजोरा दिला नाही, तर रात्री अंथरुणात मलाही वाटू लागलं होतं की मीच चुकीचं ऐकलं असेल.

सोबत वहीचं ते सुटलेलं जोडीचं पान पाठवते आहे. कोरं आहे. लिहून पाठव. मग ये. खोली झाडून ठेवली आहे.

लोभ कधी तुटला नव्हता, नुसता मुका होता.
तुझी धाकटी



वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. खाट क्रमांक सात. डॉक्टरांनी फोनवर दुप्पट डोस सांगितला. बहिणीने तो खटकला म्हणून दोनदा विचारला आणि मोठ्याने परत म्हटला. डॉक्टर दोन्ही वेळा हो म्हणाले. एका रिसीव्हरला आम्हा दोघींचे कान होते.

मी ऐकले.