थांबलं की घट्ट

५ तारीख, सोमवार
नवं गाव, नवी नोकरी, आणि खिडकीतून चक्क पायाशी येणारं ऊन! आई खूश. माझी सहा वर्षांची लेक तर सकाळपासून घरभर पळतेय. पायाला कायम भिंगरी, म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणतो.

कारखान्यात लाकडाच्या लगद्यातले तंतू केसाहून हजारो पट बारीक करतात. असे तंतू एक भाग आणि पाणी नव्व्याण्णव भाग, की काचेसारखी नितळ जेली तयार. रंगात, मलमात घालायला. मी पिपं ढवळायची आणि दाटपणा मोजायचा. ढवळलं की वाहतं, थांबलं की घट्ट. शिकवायला एक म्हातारे ऑपरेटर आहेत. जेवतानाही त्यांचे पाय हलत असतात, म्हणून सगळे त्यांना चुळबुळेकाका म्हणतात. मला हसू आवरेना.

८ तारीख, गुरुवार
तिसऱ्या पिपातला नमुना बाटलीत भरून घरी आणला. उलटी केली तरी पडत नाही, हलवली की खळखळ वाहतो. भिंगरीने जादू जादू म्हणून टाळ्या पिटल्या. बाटली फळीवर ठेवली.

१२ तारीख, सोमवार
काकांना हौसेने बाटलीचं सांगितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तिसऱ्या पिपातला एक घोट बऱ्याच वर्षांपूर्वी चुकून त्यांच्या पोटात गेला होता म्हणे. तेव्हापासून स्वस्थ बसले की अंग आतून थिजत जातं. झोपतात तेही झोपाळ्यावर, बायको झोका देत राहते. म्हातारचळ, म्हटलं मनात. तरी घरी येऊन आधी बाटली पाहिली.

आतली जेली दोन बोटं कमी होती. भिंगरी हसून म्हणाली, जादू माझ्या पोटात आहे.

१३ तारीख
तिची करंगळी वाकेना. चोळली, हलवली, तेव्हा सुटली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. माझीच हौस नडली. काकांना विचारायला माणूस पाठवला. निरोप आला – झोपाळ्याची कडी तुटली, दुरुस्त होईपर्यंत काका खुर्चीत टेकले. तासाभराने बायकोने गदागदा हलवलं. उशीर झाला होता. खुर्चीसकट न्यावं लागलं.

१४ तारीख
आई आणि मी पाळीपाळीने तिला नाचवतोय. पेंगतेय. रडली – डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि तिथेच थांबलं. ओघळत नाही.

१५ तारीख, सकाळ
आई दमून झोपली. भिंगरी माझ्या मांडीवर. मी डोलतेय. जागं राहायला लिहितेय. डोलत राहायचं, बस्स. ऊन पायाशी आलंय. डोलत –

ओळ वाकडी गेलीय. डोळा लागला का माझा – मांडी जड झालीय. आणि ऊन – पायाशी होतं, आता समोरच्या भिंतीवर –

भिंगरे, ऊठ. हलवतेय ना मी, बघ, हलव